टॉवेलाखालचा हात

माझ्या आबांनी उभ्या आयुष्यात कुठल्या वस्तूचा भाव तोंडानं विचारला नाही. चाळीस वर्षं बैलांची दलाली केली, आणि आमच्या बैलबाजारात भाव बोलत नाहीत, धरतात. दलालाचा उजवा हात, घेणाऱ्याचा उजवा हात, वर टॉवेल, आणि टॉवेलाखाली बोटं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. सहा सांगायचे तर पंजा धरून सोडायचा आणि पुन्हा एक बोट धरायचं. हजार की दहा हजार, ते समोरचा बैल बघून कळतं. ज्याला कळत नाही त्यानं बाजारात येऊ नये, असं आबांचं मत. घेणाऱ्यानं दलालाची बोटं धरून भाव सांगितला की दलाल तोच टॉवेल घेऊन बैलाच्या मालकाकडे जातो आणि त्याच्या हातात तोच आकडा ठेवतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव तिघांतच राहतो. सौदा मोडला तरी बैलाची किंमत गावभर होत नाही आणि मालकाची शोभाही होत नाही.

ही सवय आबांच्या अंगात अशी मुरली होती की बाजाराबाहेरही सुटेना. आळेफाट्याला भाजी घ्यायला गेले तरी मेथीच्या जुड्यांवर टॉवेल टाकून भाजीवाल्याचा हात शोधायचे. माझ्या लग्नात बँड ठरवायला गेले, तेव्हा टॉवेलाखाली बँडवाल्याची तीन बोटं घट्ट धरली. त्या बिचाऱ्याला वाटलं, पाहुणे खूश होऊन हात मिळवतायत, म्हणून तो हसत हसत आबांचा हात वरखाली हलवत बसला. शेवटी आईनं मधे पडून दोन वाक्यांत बँड ठरवून टाकला.

गेल्या दिवाळीनंतर आबांना हलकासा झटका आला. देवाच्या दयेनं पाय वाचला, बोलणं वाचलं, फक्त उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली. हात उचलायचा, भाकरी मोडायची, सगळं जमायचं, पण त्या तीन बोटांना शिवलेलं कळायचं नाही. दवाखान्यातून सोडायच्या दिवशी आम्ही बिलाच्या खिडकीशी गेलो. माझं लक्ष पिशवीत होतं, तेवढ्यात आबांनी खिडकीतून हात घातला, वर टॉवेल टाकला आणि आत बसलेल्या मुलीचा हात धरला.

"अहो आजोबा! काय करताय?" ती किंचाळली. मागची सगळी रांग वाकून बघायला लागली.

"बाय, भाव इचारतोय," आबा शांतपणे म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि बाहेर आल्यावर मी पोट धरधरून हसले. आबा हसले नाहीत. "त्या पोरीनं एक बोट धरलं का दोन, त्येच कळलं न्हाई," एवढंच म्हणाले. तेव्हा ते काय बोलले ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. माझं डोकं जरा उशिरा चालतं, तोंड मात्र वेळेवर.

मी बोरी बुद्रुकची लेक, मंचरला दिलेली. मंचरला एका कांदा-बटाट्याच्या आडतीवर काट्याजवळ बसून पावत्या करते. दिवसभर ट्रकचे हॉर्न, हमालांचा आरडाओरडा आणि लिलावाची बोंब. त्यात राहून माझाही गळा मोठा झालाय. नवरा मला "फोडणी" म्हणतो. म्हणजे कधी तडतडेल सांगता येत नाही. असू दे. जळलेल्या फोडणीपेक्षा तडतडणारी बरी.

तर, बरं वाटल्यावर पहिल्याच सोमवारी आबा बेल्ह्याच्या बाजारात गेले. एका शेतकऱ्याचा बैल, घेणारा नगरकडचा. घेणाऱ्यानं टॉवेलाखाली चार बोटं धरली. आबांना तीनच कळली. त्यांनी जाऊन मालकाच्या हातात तीन ठेवली. मालक चिडला, बैल सोडून घेऊन गेला आणि दुपारी वैतागून त्याहून कमीत दुसऱ्याला दिला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर घेणारा सहज म्हणाला, "मी तर चार धरली व्हती, राव." झालं. आबा दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन माफी मागून आले आणि टॉवेल खुंटीला अडकवला.

महिनाभर तो टॉवेल खुंटीवर होता. मग आईनं एक दिवस मुद्दाम त्या टॉवेलानं ओटा पुसला, बघू तरी काय बोलतात म्हणून. आबा काहीच बोलले नाहीत. तेव्हा मात्र आई घाबरली आणि तिनं मला फोन लावला. "तू ये बाई. त्यांच्या टॉवेलानं मी ओटा पुसला, तरी गप बसलेत."

मी गेले. आबा ओट्यावर बसले होते, गावातला जो बैल रस्त्यानं जाईल त्याच्याकडे बघत. मी म्हटलं, "डाव्या हातानं धरा की बोटं. डावा ठणठणीत आहे."

"डाव्या हातानं नंदीचा सौदा करत न्हाईत."

"मग तोंडानं बोला. आमच्या मंचरला कांद्याचा भाव चारचौघांत बोलतात. कुणाची अब्रू गेली?"

"मी काय कांदं इकतोय का बोंबलून?" आबा एकदम ताठ झाले. "कांद्याला काय, कुनाच्या बी पोत्यात जाईल. बैल घरातनं जातो, बाय. चारचौघांत त्येचा भाव बोलला की मालक उघडा पडतो."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा. मी पण त्यांचीच लेक. म्हटलं, "मग हात माझा घ्या. तुम्ही बैल बघा, मी बोटं धरते."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. दहा वर्षांची असताना मी हट्ट धरला होता की मलाही टॉवेलाखालचं शिकवा, तेव्हा "पोरींचं काम न्हाई" म्हणून उठवून लावलं होतं. आताही तेच म्हणाले असते. पण त्याच आठवड्यात पिंपरी पेंढारहून एका वहिनींचा निरोप आला होता. नवरा गेल्यापासून त्या एकट्यानं शेत करत होत्या. आता गुडघे चालेनात, पोरगा भाड्यानं ट्रॅक्टर बोलावणार, म्हणून त्यांना बैलजोडी विकायची होती. ती जोडी गोऱ्हे असताना आबांनीच त्यांना घेऊन दिली होती. "इकीन तर आबांच्याच हातानं," असा निरोप. आबांनी तो निरोप ऐकून मान खाली घातली होती. नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हणायला हात नव्हता.

"त्या वहिनींची जोडी विकेपर्यंत येते मी," मी म्हटलं. "तेवढी गेली की मी मोकळी. आमचे शेठ सोमवारची रजा महिनाभरच देतील, तीही तोंड वाकडं करून."

"बघू," आबा म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हणजे हो.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात माझी शाळा भरली. आबांची उजवी बोटं बहिरी, डावा हात चालत नाही, म्हणून माझ्या हातात आईचा हात दिला आणि वर टॉवेल टाकला. आई लाजून म्हणाली, "आता ह्या वयात माझा भाव करता व्हय?" आबा म्हणाले, "गप बस, धंदा चाललाय." मग मला म्हणाले, "बोटाकडं सगळेच बघत्यात. तू तळव्याकडं बघ. बोट भाव सांगतं, तळवा गरज सांगतो. हात घामेजला की समजायचं मानूस नडलाय. आन नडलेल्याला रगडायचं न्हाई. तितं आपन हुज्जत न घालता ठरलं म्हनायचं." हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. चाळीस वर्षं टॉवेलाखाली ते काय करत होते ते मला तेव्हा कळलं, आणि मला त्यांचा लई अभिमान वाटला. तसं मी बोलले नाही. आईच्या हाताला कणीक लागली होती, तेवढंच बोलले.

पहिल्या सोमवारी मंचरहून पहाटे स्कूटी काढली, बोरीहून आबांना मागे बसवलं आणि बेल्ह्याला गेले. आबांनी एका खोंडाचे दात बघितले, चालवून बघितला, पाठीवरचे भोवरे बघितले. घेणारे होते एक मिशीवाले व्यापारी. आबांशी त्यांचा तीस वर्षांचा सौद्यांचा संबंध. लहानपणी मला गुडीशेव आणायचे. मी टॉवेल पसरला, खाली हात घातला आणि म्हटलं, "काका, बोला."

काकांनी असा हात मागे घेतला की जणू तव्याला लागला. "ताई, ह्ये बरं न्हाई दिसत."

"काय बरं दिसत नाही?"

"चारचौघांत लेकीबाळीचा हात धरायचा? लोकं काय म्हनतील?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "हात धरला तर कन्यादान व्हतंय, राव! हुंडा कोन देनार?" सगळा बाजार हसला. मी त्या म्हाताऱ्याला जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. त्या दिवशी दुपारपर्यंत टॉवेल पसरून उभी राहिले. चहावाला सोडला तर जवळ कुणी आलं नाही. परत येताना आबा स्कूटीवर एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या सोमवारी मी चिठ्ठ्या नेल्या. आकडा लिहायचा, घडी घालायची, टॉवेलाखालून द्यायची. निम्म्यांचे चष्मे घरी, उरलेल्यांना पेन कुठे ठेवलं ते आठवेना. तरी एकानं कसाबसा आकडा लिहिला, चिठ्ठी हातातून निसटली, आणि ज्याचा सौदा चालला होता त्याच बैलानं जीभ फिरवून ती खाल्ली. "लई भाव खातोय ह्यो बैल," मिशीवाले म्हणाले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. आबांनाही आलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवलं. पण सौदा काही झाला नाही.

मंचरला परतल्यावर काट्याजवळ बसले होते. समोर आमचा कॅल्क्युलेटर, बोटाएवढी मोठी बटणं असलेला, हमालसुद्धा न बघता दाबतात असा. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्यावर सहज रुमाल टाकला. रुमालाखाली हात घालून बटणं चाचपली. बरोब्बर दाबता येत होती. शेठनी विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "बैल विकतेय." शेठनी तो विषय वाढवला नाही.

तिसऱ्या सोमवारी टॉवेलाखाली कॅल्क्युलेटर. घेणाऱ्यानं बटणं दाबायची, टॉवेलाची कड उचलून मी बघायचं, मग तसाच झाकून मालकाला दाखवायचं. हाताला हात लागत नाही आणि भावही फुटत नाही. आता बोला! मिशीवाल्यांनी डोकं खाजवलं, पण नाही म्हणायला कारण सापडेना. त्यांनी टॉवेलाखाली हात घातला आणि पहिलं बटण दाबलं. टुक! मग दुसरं. टुक! माझ्या लक्षातच आलं नव्हतं की ते मेलं वाजतं. आडतीवरच्या गोंगाटात कधी ऐकूच आलं नव्हतं. भोवतीची माणसं श्वास रोखून टुकटुक मोजायला लागली. पाच वेळा वाजल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "लाखाच्या आतच हाय रे!" मालक लाजून लालेलाल झाला, बैल घेऊन निघून गेला.

आबा त्या दिवशी बोलले. स्कूटी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून बोलले. "बाय, राहू दे आता. यंत्राला घाम येतो का? नडलेला मानूस त्येला कळंल का? आन 'जोडी फोडू नगा' असं सांगायचं आसंल, तर त्येचं बटन कुटलं?"

उत्तर आलं नाही की मला राग येतो, म्हणून मी म्हटलं, "तुमचा हात चालत होता तेव्हा तरी बाईमाणसाला तिच्या बैलाचा भाव कळत होता का?" आणि गाडीला किक मारली. बोलून गेल्यावर वाईट वाटलं. आबांनी माझ्या खांद्यावर ठेवलेला हात काढून मागच्या कडीला धरला.

आठवडाभरात मंचरच्या बाजारपेठेत दहा दुकानं पालथी घालून मी न वाजणारा, तसाच मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, आवाजाचा चांगला असतो." मी म्हटलं, "मला मुका पाहिजे."

चौथ्या सोमवारी पिंपरी पेंढारच्या वहिनी जोडी घेऊन आल्या. सोबत त्यांचे दीर. वहिनी साठीच्या, डोक्यावर पदर, पायात पोराचे जुने बूट. पांढरीशुभ्र जोडी, शिंगं सारखी, एकमेकांना खेटून उभी. मी वहिनींना कॅल्क्युलेटर दाखवला आणि विचारलं, "आकडे दाबता येतील ना?"

"मी रोज डेअरीला दूध घालते," त्या म्हणाल्या. "आकडं मला शिकवू नगंस." मग जोडीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "ही जोडी घेतली तवा टॉवेलाखाली भावजींचा हात व्हता. कितीला घेतली ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्याच्या आधीची जोडी इकली तवा बी तसंच. वैरण माझ्या हातची, शेनघान माझ्या हातचं, आन भाव दुसऱ्याच्या हातात."

आबा शेजारीच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्या दोन्ही वेळी दलाल तेच होते.

घ्यायला मिशीवालेच आले. त्यांनी टॉवेलाखाली आकडा दाबला. मी तसाच झाकून वहिनींकडे नेला. त्यांनी कड उचलून बघितलं, फस्सकन हसल्या, आकडा पुसला आणि आपला दाबला. मी परत नेला. मिशीवाल्यांच्या भुवया टोपीत गेल्या. पुन्हा त्यांचा आकडा, पुन्हा वहिनींचा. दीर मान लांब करून बघायला आले, तर वहिनींनी टॉवेल दाबला. "सरका भावजी, उजेड आडवताय." एव्हाना भोवती ही गर्दी जमली. कुणाला काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं, आणि त्यामुळं कुणी हलत नव्हतं.

सातआठ फेऱ्या झाल्या आणि गाडं अडलं. मिशीवाले कंटाळले. त्यांनी मला ओलांडून आबांना हाक मारली. "आबा, तीस वरसं तुमच्या टॉवेलाखाली हात घातला. ह्या पोरखेळात मला नगा गुतवू. तुमी या. माझा हात तुमी धरा, पलीकडं भावजींचा धरा. दोन मिन्टांत उरकू. उजवा चालत न्हाई तर डावा द्या. मला चालंल, बाजाराला बी चालंल. काय हो?"

"चालंल, चालंल," चारपाच जण म्हणाले.

आबांना त्यांची जागा परत मिळत होती. बाजार त्यांच्यासाठी चाळीस वर्षांचा नियम मोडायला तयार होता. त्यांनी फक्त एक पाऊल पुढं यायचं होतं आणि मी बाजूला व्हायचं होतं. मी आबांच्या जागी असते तर आले असते. आबांनी खांद्यावरचा पंचा काढला, हातात घेतला, आणि मला वाटलं, संपलं.

"मला डावा चालंल म्हनतोस," आबा म्हणाले. "आन मालकिनीचा उजवा चालत न्हाई व्हय रं तुला?"

मिशीवाल्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"तिचा हात धरायला लाज वाटती, मान्य हाय. म्हनून तर पोरीनं ह्यो डबा आनलाय. भाव इचारायचा तर त्यातच इचार. बैल तिचं, बटन बी तीच दाबंल." मग आबा जरा पुढं झाले. "आन दुसरं. मघापासून तू उजव्या बैलाकडंच बघतोयस. डाव्याकडं एकदा बी बघितलं न्हाईस. जोडी फोडून एक पुढं इकायचा इचार दिसतोय. त्येचं बटन ह्यात न्हाई, म्हनून मी तोंडानं सांगतो. जोडी फुटायची न्हाई."

आबा भर बाजारात सौद्याचं तोंडानं बोलले. मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मिशीवाले आधी जोडीकडे बघत राहिले, मग आबांकडे, आणि मग हसायला लागले. "हात गेला तरी डोळं न्हाई गेलं म्हाताऱ्याचं," म्हणाले, आणि टॉवेलाखाली हात घालून आकडा दाबला. मी वहिनींकडे नेला. त्यांनी कड उचलली, बराच वेळ बघितलं, आणि यावेळी पुसला नाही.

सौदा ठरला की आमच्याकडे विकलेल्या बैलाच्या पाठीवर उजव्या हातानं गुलालाचा पंजा उमटवतात. पंजा उमटला की सौदा मोडत नाही, मग ब्रह्मदेव आला तरी. एका पाठीवर मिशीवाल्यांनी उमटवला, दुसऱ्या पाठीवर वहिनींनी. उरलेला गुलाल आबांनी पुडीत बांधून खिशात टाकला. बाईनं पंजा उमटवलेला त्या बाजारात आधी कुणी पाहिला नव्हता. कन्यादानवाला म्हातारा हळूच माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "माझ्या सुनंची कालवड हाय, ताई. तो डबा जरा तिकडं आनती का?" जाताजाता मिशीवाल्यांनीही विचारलं, हा मुका कॅल्क्युलेटर कुठे मिळतो. मी म्हटलं, सांगते, पण आधी गुडीशेव आणा.

दुपारी परतताना आळेफाट्याला भेळ खायला थांबलो. झाडाखाली सावली होती, गार पाणी होतं. आबांनी पंचा मांडीवर घेतला, उगाच घडी केली, उलगडला. वहिनींची जोडी गेली होती. ठरल्याप्रमाणे मी मोकळी झाले होते. दोघांनाही ते माहीत होतं, पण विषय कुणी काढत नव्हतं.

मग आबांनी बाकावर माझा हात होता त्यावर पंचा टाकला आणि खाली आपला हात घातला. डावा.

टॉवेलाखाली त्यांनी माझा हात धरायची ही पहिलीच वेळ. त्यांनी माझा पंजा धरला, सोडला. पुन्हा धरला. मी म्हटलं, "आबा, दहा प्लेट भेळ कोण खाणार?"

"भेळ न्हाई," आबा रस्त्याकडे बघत म्हणाले. "सोमवार."

पुन्हा पंजा. पुन्हा. पंधरा, वीस, पंचवीस. मी दलालाची लेक; मला खरं तर घासाघीस करायला हवी होती. शेठची रजा, मंचरहून पहाटेची थंडी, स्कूटीचं पेट्रोल, सगळं ओठावर आलं होतं. आणि भांडायची संधी मी सहसा सोडत नाही. पण त्यांचा तळवा माझ्या हातावर टेकला, आणि तो ओलाचिंब होता.

"ठरलं," मी म्हटलं.

आबांनी हात काढून घेतला आणि भेळ खायला लागले. उठताना त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. शाब्बासकी दिली असं मला वाटलं. त्यांना बोरीला सोडून मी मंचरला आले, गाडी लावली, आणि नवरा मागून म्हणाला, "पाठीला काय लावून आलीस गं?"

मी आरशासमोर मान वळवून बघितलं. गुलालाचा पंजा होता. उजव्या हाताचा, दोन बोटं ठळक, आणि तीन पुसट.